एकच कुकर असेल तर रिंगा दोन

कमी भांड्यांचं स्वयंपाकघर म्हटलं की काय टाकून द्यायचं याचीच चर्चा जास्त होते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. घरात एकच कुकर आणि एकच मिक्सर असेल आणि सकाळी आठला तो बंद पडला, तर हाताशी दुसरं काही नसतं. म्हणून यादी आखूड करायची असेल, तर तिच्यातली प्रत्येक वस्तू जाड बुडाची, दुरुस्त होणारी आणि सुटे भाग जवळच्या भांड्यांच्या दुकानात मिळणारी हवी. खालचा हिशेब दोन-तीन माणसांच्या, रोज वरण-भात-भाजी-पोळी होणाऱ्या घरासाठी आहे.

कुकर 5 लिटरचा, उभा घ्या. दोन माणसांना 3 लिटरचा पुरेल असं वाटतं, पण त्यात डाळ-तांदळाचे डबे एकावर एक बसतातच असं नाही, आणि मग दोनदा कुकर लावावा लागतो. दुकानातच डबे आत ठेवून झाकण लावून बघा. तळात दोनेक कप पाणी, खालच्या डब्यात डाळ, वरच्यात तांदूळ. एका वाटी तुरीच्या डाळीला अडीच वाट्या पाणी, थोडी हळद आणि तेलाचे चार थेंब घालायचे. तेलाने फेस कमी येतो. डाळीचा हा फेसच शिट्टीच्या नळीत जाऊन सुकतो. नळी बुजली की वाफेला वाट राहत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. तळाचं पाणी आटलं तरी तेच होतं. झाकण लावण्याआधी नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का बघायला दोन सेकंद लागतात. नवा व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा हवा, ‘कुठलाही बसतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

रिंग कडक झाली की कडेने वाफ सुटते आणि शिट्टी होतच नाही. थंड पाण्यात बुडवून ठेवली तर ती एखादा दिवस निभावते, पण ही तात्पुरती मलमपट्टी. दुसरी रिंग आधीच आणून ठेवा. कुकर ॲल्युमिनियमचा असेल, तर पिळलेल्या लिंबाची फोड तळाच्या पाण्यात टाका, आतून काळा पडत नाही.

याच कुकरची शिट्टी काढून, तळात पाणी आणि वर चाळणी ठेवली की मोदक, अळूवडी, ढोकळा सगळं उकडून निघतं. इडलीचा स्टँड आत मावत असेल तर इडलीपात्रही नको.

तव्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. एक लोखंडी तवा पोळी-भाकरीला आणि एक बिडाचा घावन-आंबोळी-डोशाला, असे दोन हवेतच. भाकरी कोरड्या, कडक तापलेल्या तव्यावर होते. तिचं पीठ तव्यावर जळतं आणि तव्यावर मुरलेला तेलाचा थर उडतो. मग त्याच तव्यावर घावन घातलं की चिकटलंच. नॉनस्टिक तवा भाकरीला अजिबात नको, रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवला की त्याचा लेप खराब होतो.

नवा बिडाचा तवा साबणाने घासून, गॅसवर पूर्ण कोरडा करून, फडक्याने तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि धूर निघेपर्यंत तापवायचा. असं चार वेळा. तेल जास्त झालं तर थर घट्ट बसत नाही, चिकट राहतो आणि पहिलं घावन त्याच्यासकट निघतं. रोजच्या वापरात तेल लावायला अर्धा कांदा किंवा नारळाचं सोडण पुरतं, त्यासाठी ब्रश विकत घेऊ नका.

इंडक्शनवर जायचा विचार असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का, आणि ओट्याजवळ 16 अँपिअरचा प्लग आहे का. 2000 वॉटची शेगडी जवळजवळ 9 अँपिअर ओढते. जुन्या घरांत ओट्याजवळ बहुधा 6 अँपिअरचाच असतो, तो मिक्सरला चालतो, शेगडीला नाही. शिवाय भाकरी जाळावर फुगवायची तर गॅसचा एक बर्नर लागतोच.

मिक्सर 500 ते 750 वॉटचा. भांडी तीन असली तरी रोज वापरलं जातं ते चटणीचं लहान भांडं, त्याचं पातं आणि झाकण नीट बघून घ्या. वाटणाचं सुकं खोबरं आधी कोरडंच फिरवा, पाणी मागून. आधी पाणी घातलं तर तुकडे नुसते गरगरतात. भाजलेला कांदा गरम असताना वाटायला गेलात तर वाफेने झाकण उडतं. मिक्सर मध्येच बंद पडला तर जळाला असं समजू नका. भांडं थोडं रिकामं करा, दहा मिनिटं थांबा आणि बुडाशी असलेलं लाल बटण दाबा. आवाज येतो पण पातं फिरत नाही, तर कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारी चकती, झिजलाय. भांड्याच्या बुडातून काळपट पाणी झिरपतंय, तर बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, गेलाय. दोन्ही कामं दुरुस्तीवाला बसल्या जागी करून देतो, त्यासाठी नवा मिक्सर नको.

कढई एकच ठेवायची तर ट्रायप्लाय स्टीलची, म्हणजे दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेली. लोखंडी कढईत भाजी छान परतली जाते, पण चिंच-कोकमाची आमटी काळी पडते आणि लोखंडाची चव येते. पातळ स्टीलची कढई ज्योतीच्या वरच तेवढी तापते, म्हणून पोहे मधे लागतात आणि कडेला कच्चे राहतात. लोखंड हवंच असेल तर फोडणीच्या पळीपुरतं ठेवा.

बाकी एकात एक बसणारी तीन पातेली झाकण्यांसकट, परात, पोळपाट-लाटणं, उलथणं, डाव, झारा, चिमटा, सांडशी, गाळणी. सांडशी विकत घेताना तिने भरलेलं पातेलं उचलून बघा. रिकामं कुठल्याही सांडशीने उचलतं, भरलेलं गोल फिरून सटकतं.

विळी ठेवा, तीही खवणीवाली. नारळ खवायचं दुसरं यंत्र मग लागत नाही, आणि माठाच्या जुड्या, गवार, मासळी तिच्यावर सुरीपेक्षा लवकर चिरून होतात. जमिनीवर बसणं जमत नसेल तर ओट्यावर धरून बसणारी विळीही मिळते. फक्त पातं मिटणारं घ्या आणि मिटूनच ठेवा.

पोळी दाबून भाजणारं विजेचं यंत्र घेऊ नका. त्याला कणीक सैल लागते, पोळी पापडासारखी होते, आणि महिन्याभरात ते माळ्यावर जातं.