लिनक्सवर पेनड्राइव्हमधील कॉपी शंभर टक्क्यांवर का अडते

लिनक्सवर पेनड्राइव्हमध्ये मोठी फाइल टाकताना बहुतेकांना एकसारखाच अनुभव येतो. सुरुवातीला वेग सेकंदाला तीनशे-चारशे मेगाबाइट असा डोळे दिपवणारा दिसतो, पट्टी भराभर पुढे सरकते आणि मग मध्येच, किंवा थेट शंभर टक्क्यांवर पोहोचून, थिजल्यासारखी थांबते. खिडकी बंद झालीच, तर इजेक्टचे बटण दाबल्यावर ‘माहिती लिहिली जात आहे, उपकरण काढू नका’ अशा अर्थाची सूचना बराच वेळ पडद्यावरून हलत नाही. त्यावरून लिनक्समध्ये यूएसबी संथ चालते, असा शेरा मारून लोक मोकळे होतात. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच तक्रारींत मात्र पेनड्राइव्ह आपल्या कुवतीप्रमाणेच चाललेला असतो. फसवा असतो तो सुरुवातीला दिसलेला वेग. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी खरा वेग किती आहे, ते पाहून घ्यावे.

फाइल कॉपी करणारा प्रोग्राम जेव्हा ‘लिहिले’ असे म्हणतो, तेव्हा ती माहिती पेनड्राइव्हवर गेलेली असतेच असे नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती आधी रॅममध्ये, म्हणजे पेज कॅशमध्ये ठेवून घेतो आणि सवडीने उपकरणाकडे पाठवतो. रॅममध्ये लिहिली गेलेली पण उपकरणावर न पोहोचलेली अशी पाने (मेमरीचे छोटे तुकडे) ‘डर्टी’ म्हणून ओळखली जातात. ही पाने वापरता येण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की कर्नल पार्श्वभूमीवर लिखाण सुरू करतो, आणि २० टक्क्यांच्या मर्यादेकडे सरकू लागली की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच रोखून धरतो. हे दोन्ही आकडे कर्नलचे मूळचे आहेत. काही वितरणे, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या, ते बदलतात. माझ्या घरच्या संगणकात १६ जीबी रॅम आहे आणि त्यातली साधारण १२ जीबी या कामासाठी उपलब्ध असते, म्हणजे दीड-दोन गिगाबाइट माहिती पेनड्राइव्हला स्पर्शही न करता ‘कॉपी झाली’ असे दिसू शकते. पेनड्राइव्ह सेकंदाला ८ मेगाबाइट वेगाने लिहिणारा असेल, तर तेवढी थकबाकी फेडायला साडेतीन-चार मिनिटे लागणारच.

हा हिशेब डोळ्यांनी पाहता येतो. प्रॉक या डिरेक्टरीत मेमइन्फो नावाची फाइल असते आणि तिच्यात ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ अशा दोन ओळी असतात. टर्मिनलमध्ये वॉच कमांडला ग्रेपची जोड देऊन या दोनच ओळी दर सेकंदाला ताज्या होतील असे करावे आणि शेजारी कॉपी सुरू करावी. एका नातेवाइकाच्या लग्नाचे चित्रीकरण त्यांच्या टीव्हीसाठी पेनड्राइव्हवर उतरवताना मी हे उघडे ठेवले होते. पट्टी पळत होती तोवर ‘डर्टी’चा आकडा फुगत गेला, पट्टी अडली तेव्हा तो एका पातळीवर टेकला आणि खिडकी बंद झाल्यावर सेकंदागणिक थोडाथोडा उतरू लागला. तो उतरण्याचा वेग हाच त्या पेनड्राइव्हचा खरा वेग. आकडा उतरत असेल तर काहीही बिघडलेले नसते, फक्त थांबायचे असते. सिंक ही कमांड दिली की सगळे लिहून झाल्यावरच ती परत येते.

टक्केवारीची ही पद्धत आता कालबाह्य वाटते, आणि तसे वाटणारा मी एकटा नाही. २०१३ मध्ये याच तक्रारीवर कर्नलच्या विकासकांत चर्चा झाली, तेव्हा खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही संगणकात मोजके मेगाबाइट मेमरी असण्याच्या काळातली ही कल्पना असल्याचे म्हटले होते. उपाय असा, की टक्क्यांऐवजी थेट बाइटमध्ये मर्यादा घालावी. सिसकंट्रोलमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमध्ये, व्हीएम गटाखाली ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ आणि ‘डर्टी बाइट्स’ अशी दोन मूल्ये असतात; पहिल्याला ६७१०८८६४, म्हणजे ६४ एमबी, आणि दुसऱ्याला २६८४३५४५६, म्हणजे २५६ एमबी दिले की पट्टी बरीचशी खरे बोलू लागते. पेनड्राइव्ह याने वेगवान होत नाही. शिवाय ही मर्यादा सगळ्या यंत्राला लागू होते, त्यामुळे आतल्या एसएसडीवर जड लिखाण करणाऱ्यांना ती जाचक ठरू शकते. कर्नल ६.२ पासून मात्र प्रत्येक उपकरणासाठी वेगळी मर्यादा बाइटमध्ये घालता येते: सिस डिरेक्टरीत त्या ड्राइव्हच्या बीडीआय (बॅकिंग डिव्हाइस इन्फो) विभागात ‘मॅक्स बाइट्स’ ठरवावे आणि ‘स्ट्रिक्ट लिमिट’ला १ द्यावा. युडेव्हचा, म्हणजे उपकरण जोडताच चालणारा, नियम लिहून ठेवला, तर पेनड्राइव्ह लावताच हे आपोआप होते. मला हा मार्ग सर्वांत नेटका वाटतो.

विंडोज या बाबतीत वेगळे वागते. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून काढत्या-घालत्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मूळचेच असते आणि लिखाण साठवून ठेवले जात नाही, त्यामुळे तिथला आकडा पहिल्यापासून कमी पण प्रामाणिक असतो. त्याची नक्कल म्हणून पेनड्राइव्ह सिंक पर्यायासह माउंट करण्याचा, म्हणजे प्रत्येक लिखाण लगेच ड्राइव्हवर जाईल अशा रीतीने जोडण्याचा, सल्ला कधीकधी दिला जातो. तो मानू नये. फॅट फाइलप्रणालीत त्यामुळे प्रत्येक छोट्या लिखाणासोबत फाइलींच्या जागांचा तोच तक्ता पुन्हापुन्हा लिहिला जातो, वेग कोसळतो आणि फ्लॅश मेमरी विनाकारण झिजते. फाइंडमाउंट या कमांडने पर्याय तपासावेत, आणि तिथे सिंक दिसला तर संथपणाचे कारण सापडलेच म्हणून समजावे. फॅटसाठी ‘फ्लश’ हा पर्याय पुरेसा असतो.

आता खरोखरच्या संथपणाकडे वळू. एलएसयूएसबी या कमांडला टी हा पर्याय दिला की जोडलेली उपकरणे झाडाच्या आकारात दिसतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी वेग (सेकंदाला मेगाबिटमध्ये) असतो. यूएसबी ३ चा ड्राइव्ह असूनही तिथे ५००० ऐवजी ४८० आले, तर तो यूएसबी २ च्या वेगाने चालला आहे, आणि त्या वेगाला प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच्या पलीकडे सहसा जाता येत नाही. १२ आले तर परिस्थिती आणखी वाईट. कारण बहुधा भौतिक असते: चुकीचा पोर्ट, जुना हब, लांबलचक एक्स्टेन्शन केबल किंवा नीट न बसलेला ड्राइव्ह. ड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टमध्ये घट्ट लावणे हा कंटाळवाणा उपाय सर्वांत आधी करावा.

पोर्ट योग्य असेल तर ड्राइव्हची कुवत मोजावी. डीडी कमांडने माउंट केलेल्या ड्राइव्हवर एक मोठी चाचणी-फाइल लिहावी आणि ‘ओफ्लॅग’ला ‘डायरेक्ट’ हे मूल्य द्यावे, म्हणजे पेज कॅश वाटेत येत नाही. लक्ष्य म्हणून फाइलचेच नाव द्यावे. तिथे ड्राइव्हचे नाव पडले तर त्यावरचा सगळा मजकूर जाईल. फाइल काही गिगाबाइटांची हवी, कारण अनेक पेनड्राइव्हमध्ये थोडी जागा जलद कॅश म्हणून वापरली जाते आणि ती भरल्यावर वेग एकदम गडगडतो. वेष्टनावर ठळकपणे छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचनाचा असतो, लिखाणाचा नव्हे. खरेदी करताना हे कोणी सांगत नाही.

बाह्य हार्ड डिस्क किंवा एसएसडीच्या बाबतीत डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, हीही पाहावी. तिथे यूएएस (यूएसबीवरून डिस्कशी बोलण्याचा एक वेगवान प्रोटोकॉल) ड्रायव्हरच्या चुका आणि ‘रीसेट’च्या ओळी पुन्हापुन्हा येत असतील, तर केसमधली ब्रिज चिप, म्हणजे डिस्कला यूएसबीशी जोडणारी चिप, त्या प्रोटोकॉलशी नीट जुळत नाही. आधी केबल बदलून पाहावी. फरक पडला नाही तर यूएसबी-स्टोरेज मॉड्यूलच्या ‘क्वर्क्स’मध्ये, म्हणजे अपवादांच्या यादीत, त्या उपकरणाचा क्रमांक आणि त्यापुढे यू हे अक्षर देऊन यूएएस बंद करता येते. एरवी ते चालू असलेलेच चांगले.

हजारो लहान फाइलींचे दुखणे निराळे आहे. दहा हजार छायाचित्रांपैकी प्रत्येकासाठी नोंद, तक्ता आणि मजकूर असे वेगवेगळ्या जागी लिहावे लागते आणि स्वस्त पेनड्राइव्हचा कंट्रोलर तिथेच दमतो. टार कमांडने सगळ्या फाइली बांधून एकच फाइल बनवावी आणि ती कॉपी करावी. फक्त फॅट३२ असेल तर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, म्हणून एक्सफॅट बरे. त्याचा सध्याचा ड्रायव्हर कर्नल ५.७ पासून, म्हणजे २०२० पासून, कर्नलमध्येच आहे. एनटीएफएससाठी तसाच ड्रायव्हर ५.१५ मध्ये आला. त्याआधीची वितरणे फ्यूजमार्गे, म्हणजे कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरने, काम करतात आणि त्यात प्रोसेसर बराच खर्ची पडतो.

हे सगळे तपासूनही वेग सेकंदाला एक-दोन मेगाबाइटवरच रेंगाळत असेल आणि ड्राइव्ह संशयास्पद स्वस्तात मिळालेला असेल, तर एफ३ या प्रोग्रामने त्याची क्षमता पडताळावी. तो ड्राइव्ह भरेपर्यंत लिहितो आणि लिहिलेले परत वाचून पाहतो; ६४ जीबीचे लेबल लावलेल्या ड्राइव्हमध्ये खरी जागा ८ जीबीच असेल, तर ते त्यात उघडे पडते. त्या अहवालाची प्रत घेऊन दुकान गाठावे आणि पैसे परत मागावेत.