बॅटरीचा अलार्म

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं) शेड आहे, मशीन तीन आणि माणसं पाच. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, कोल्हापूरहून येतं, टर्निंग (लेथवर कापून मापात आणणं) होऊन परत कोल्हापूरलाच जातं, अंतर जेमतेम 110 किलोमीटर, आज फोन केला की उद्या सकाळी टेम्पो दारात, त्यामुळं स्टॉक बिक ठेवायचं कधी डोक्यातच आलं नाही.

ऑगस्ट 2019 च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा नदी हायवेवर आली, तिकडं शिरोलीला पंचगंगा, झालं, टेम्पो बंद. म्हटलं शेडमध्ये पडलेलं काम तरी उरकू, तर आमचा ऑपरेटर निपाणीकडच्या नदीकाठच्या गावचा, फोनवर म्हणाला, "मालक, घरात पाणी शिरलंय, जनावरं बाहेर काढायलोय." त्याला काय बोलणार? पण कुठल्या जॉबला कुठला इन्सर्ट (कापायचं पातं), ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) किती, सगळं त्याच्या डोक्यात. त्यात लाइट गेली. तीन दिवसांनी आली तेव्हा एका मशीनची मेमरी साफ, पॅरामीटर (मशीनची सेटिंग) पण नाहीत. लाइट नसताना ही मेमरी एका छोट्या बॅटरीवर टिकते. बॅटरी लो असा अलार्म महिनाभर येत होता आणि मी शहाणा रोज रिसेट मारत होतो. सर्व्हिस इंजिनिअर पुण्याचा, आणि पुण्याचा रस्ता पाण्याखाली!

विमा एजंटला विचारलं तर म्हणाला, शेडमध्ये पाणी आलंय का? नाही ना, मग रस्ता बंद म्हणून धंदा बुडाला त्याचे पैसे फायर पॉलिसीत मिळत नाहीत. प्रीमियम भरताना एवढं स्पष्ट कधी बोलला नव्हता.

आता मृगाच्या आधी तिन्ही बॅटऱ्या बदलतो, मशीन चालू ठेवूनच, बंद करून काढली तर परत मेमरी साफ. प्रोग्राम, पॅरामीटर दोन पेनड्राइव्हवर, त्यातला एक घरी देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये (बायको हसते). पावसाळाभर दहा दिवसांचं कास्टिंग पडून असतं, पैसा अडकतो, जीव जळतो, पण जुलै 2021 ला वेदगंगा परत तिथंच हायवेवर आली तेव्हा आमच्या मशीनी चालू होत्या. टेम्पोवाले पण दोन ठेवलेत, एक केए-22 (बेळगाव पासिंग) आणि एक एमएच-09 (कोल्हापूर पासिंग), कारण आपल्याकडं रस्ता बंद व्हायला पाऊसच लागतो असं नाही, फेब्रुवारी 2025 ला कंडक्टरच्या मारहाणीवरून दोन्ही राज्यांमधली एसटी कशी बंद झाली बघितलंच सगळ्यांनी.

ऑपरेटरच्या हाताखाली एक पोरगं तयार करायलोय. परवा तिसऱ्या मशीनवर अलार्म आला आणि हे बेणं रिसेट मारायला निघालं, मी चहा तसाच टाकून पळालो.