तुमच्याकडे, आपल्याकडे

परवा आईने फोनवर एका नातेवाइकांचा नंबर सांगितला. शेवटी ‘एकोणऐंशी’. मी लिहिले ८९. दोनदा लावला, दोन्ही वेळा भलत्याच माणसाने उचलला. एकोण म्हणजे एक कमी, हे काय मला ठाऊक नाही? पण ऐंशी ऐकताच डोक्यात ‘एटी’ आलं, एकोणमधल्या नवाचं ‘नाइन’ झालं आणि दोघांचं परस्पर जमलं.

इकडे आले तेव्हा वाटायचं, शब्द विसरतील. तसे ते विसरत नाहीत, उशिरा येतात. ‘ओशाळणे’ हा शब्द मला परवा भांडण संपल्यावर तासाभराने सुचला! मोठेपणी देश सोडलेल्यांची भाषा बहुधा अशीच मंदावते. लहान मुलांचं मात्र अवघड आहे. तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांना मोठेपणी कोरियन वाक्यं ऐकवली, तर इतर अनोळखी भाषांतून ती त्यांना ओळखता आली नाहीत. मेंदूच्या स्कॅनमध्येही वेगळं काही दिसलं नाही. हा अभ्यास २००३ चा. वाचला त्या रात्री मी मुलाच्या खोलीत उगाचच जाऊन बसले.

पुढे २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांना उलटं आढळलं. बाळपणीच चीनमधून दत्तक आलेल्या, आता फक्त फ्रेंच बोलणाऱ्या मुलींचा मेंदू चिनी भाषेतले सूर अजून चिनी बोलणाऱ्यांसारखेच टिपत होता. ऐकायला बरं वाटतं. पण मेंदूत खूण राहिली तरी आजीशी गप्पा कशा मारणार?

माझा मुलगा मराठी बोलतो, पण परवा चपला घालत म्हणाला, “आई, आम्ही कधी निघायचं?” मी म्हटलं, “आम्ही नाही रे, आपण. आम्ही म्हटलंस की मी घरीच राहिले.” त्याने खांदे उडवले. दोन्हींना ‘वी’ म्हणून चालत असताना ही कटकट कशाला, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी त्याला शिकवत होते खरी. रविवारी आईला फोन केला आणि सहज विचारलं, “तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का?”

पलीकडून जरा वेळ काहीच आलं नाही. मग आई म्हणाली, “झाला. आपल्याकडे झाला.”