पडद्यावरची गीतं

आमच्या वसईच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चमध्ये, आजपासून रविवारची पहिली मिस्सा (सामूहिक उपासना) अर्धा तास अलीकडे आली. गीतांची पुस्तकंही बंद, शब्द आता पडद्यावर. वेळेचं लोकांनी निमूट मानलं. दादरला फुलं घेऊन जाणाऱ्यांना तर सोयीचंच झालं. कुरबुर झाली ती पडद्यावरून. मी गायनवृंदातला, म्हणून दारात उभं राहून समजूत घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लाल लुगड्यातल्या एक आजी सरळ म्हणाल्या, "पोरा, मला तिथं नुसतं धुकं दिसतं." खांबाआड बसणाऱ्यांना तर अर्धीच ओळ दिसत होती. बैठकीत पडद्याच्या मापावर एवढा खल झाला, पण खांबाचं नाव कुणी काढलं नव्हतं!

नंतर चहाला एक आजोबा सांगत होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२-६५) मिस्सेतली लॅटिन जाऊन मराठी आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, तेव्हा त्यांची आई घरी येऊन विचारायची, "ही मिस्सा देवाला पोचली का रे?" पुढे मराठी गीतं तिलाच सगळ्यात आधी पाठ झाली म्हणे.

ते ठीक, पण आजींना धुकंच दिसतं त्याचं काय? पुढच्या बाकांवर पुस्तकं परत ठेवूया, असं फादरना सुचवलंय. "बघू" म्हणालेत.