तंबोरा मागे का गेला? केकवॉकहून रीपरकडे, दिवस १ ते ५८

रीपर (गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचा प्रोग्रॅम) उघडलं की ते आधी सांगतं, तुम्ही इतके इतके दिवस हे वापरून बघताय. चाचणीची मुदत ६० दिवसांची. ती संपली तरी कुलूप लागत नाही, फक्त काही सेकंद खोळंबवून आठवण करून देतं. मला हा आकडा आवडला, म्हणून नोंदवहीत तारखेऐवजी तोच टाकत गेले. ज्यांचे जुने प्रोजेक्ट अजून केकवॉकमध्ये, म्हणजे माझ्या आधीच्या रेकॉर्डिंग प्रोग्रॅममध्ये, अडकलेत त्यांच्यासाठी त्या नोंदी जराशा झाडून-पुसून इथे देतेय.

दिवस १

पार्श्वभूमी थोडक्यात. मी २०११ पासून सोनार एक्स वनवर, म्हणजे केकवॉकच्याच एका आवृत्तीवर. मिरजेत राहते, बँकेत नोकरी, आणि रविवारी आईचे अभंग रेकॉर्ड करायचे हा छंद. २० नोव्हेंबर २०१७ ला तेव्हाची मालक कंपनी गिब्सननं केकवॉकचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं तेव्हा मी हादरले होते. १९८७ पासून, डॉसच्या काळापासून चालत आलेलं नाव ते! मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबनं ते घेतलं आणि एप्रिलमध्ये चक्क फुकट दिलं. आम्ही सगळे खूश. पण २०२३ मध्ये कळलं की हेही मागे पडणार आणि त्याच्या जागी नवा सोनार येणार.

नवा सोनार वाईट आहे म्हणून मी निघाले असं अजिबात नाही. जुने प्रोजेक्ट त्यात सरळ उघडतात आणि ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी तिकडेच जावं, उगाच माझ्यासारखा उद्योग करू नये. पण एकच घर दोनदा रिकामं करायची तयारी केल्यावर तिसऱ्यांदा त्याच वाड्यात भाड्यानं राहायचं मन होईना. रीपर निवडायचं मुख्य कारण त्याची प्रोजेक्ट फाइल: साधा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडतो. आत ट्रॅकचं नाव, फेडर (आवाजाची पातळी), पॅन (डावी-उजवी जागा), फाइलचा पत्ता, सगळं वाचता येतं. दुसरं कारण म्हणजे छंदापुरत्या वापराला लायसन्स ६० डॉलर.

दिवस ४

मोजणी केली. एकूण ४३ प्रोजेक्ट. त्यातले पाच एका जुन्या हार्ड डिस्कवर होते आणि ती डिस्क आता नुसतीच टकटक करते. ते गेले. उरले ३८.

एका हौशी माणसानं केकवॉकची फाइल थेट रीपरमध्ये उघडणारं एक्स्टेन्शन केलंय, रिया-सीडब्ल्यूपी नावाचं. शोधून बघा, वेळ वाचेल. मी मात्र जुन्या प्रोग्रॅममधूनच स्टेम, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी ऑडिओ फाइल, काढायचं ठरवलं. मला पुढच्या वीस वर्षांसाठी डब्ल्यूएव्ही फाइली हव्या होत्या, नुसतं एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात स्थलांतर नको होतं.

पद्धत अशी ठेवली. प्रत्येक ट्रॅक अगदी शून्यापासून, गाणं मध्येच सुरू होत असलं तरी. म्हणजे नव्या ठिकाणी सगळ्या फाइली डाव्या कडेला चिकटवल्या की आपोआप जुळतात. प्रत्येकाच्या दोन प्रती: एक कच्ची, एक इफेक्टसकट. मिडी (आवाज नव्हे, नुसत्या सुरांच्या नोंदी) असेल तर फॉरमॅट १ ची मिडी फाइल, कारण तिच्यात टेम्पोचा नकाशाही जातो. शेवटी जुन्या मिक्सची एक प्रत, पुरावा म्हणून. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८ एमबी. जागेचं रडगाणं आता कुणी गाऊ नये.

कच्च्या प्रती काढताना एक गंमत झाली. २०१४ मध्ये मी स्वतः गायलेल्या एका पदावर सूर दुरुस्त करणारा प्लगइन होता. त्याचं लायसन्स एका जुन्या लॅपटॉपबरोबर मेलं, बनवणाऱ्यांकडून उत्तर नाही. प्लगइन उतरला आणि माझा खरा कोमल निषाद समोर आला. अकरा वर्षं मी समजत होते की ते बरं गायलेय.

दिवस ९

पहिला अभंग आणला. स्टेम टाकल्या, सगळं जुळलं, छान वाजलं. मग आठवलं की प्रोजेक्टचा टेम्पो अजून १२० वर आहे, मूळ क्लिक (लय धरायची टिकटिक) ७४ चा होता. बदलला. चार मिनिटांचा अभंग साडेसहा मिनिटांचा झाला! सूर तोच, पण आई जणू गुळाच्या पाकातून चालत गातेय.

कारण साधं आहे. रीपरमध्ये आयटम, म्हणजे ट्रॅकवरचा ऑडिओचा तुकडा, कशाला बांधायचा ते टाइमबेस ठरवतो, आणि मुळात तो मात्रांशी बांधलेला असतो. टेम्पो हलला की ऑडिओही ताणला जातो. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये जाऊन टाइमबेस वेळेला बांधायचा, आणि तोही फाइली टाकायच्या आधी. मी आता एक रिकामा साचा करून ठेवलाय, त्यात हे आधीच बदललेलं आहे.

दिवस १३

आज आईचा अख्खा अंतरा गेला. दोष शंभर टक्के माझ्या बोटांचा.

सोनारमध्ये वाजत असताना आर दाबलं की तिथूनच रेकॉर्डिंग सुरू. चौदा वर्षांची सवय. तंबोरा सुरू केला, आईला मान हलवून खूण केली, आर दाबलं. मीटर हलतंय, आई गातेय, मी डोळे मिटून ऐकतेय. रीपरमध्ये आर म्हणजे रिपीट. रेकॉर्डला कंट्रोलबरोबर दाबावं लागतं. आई डोळे उघडून म्हणाली, "झालं ना गं?" मी म्हटलं, "आई, पुन्हा एकदा, सरावाला." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला कबूल करावंच लागलं.

संध्याकाळी ॲक्शन लिस्टमध्ये जाऊन आर रेकॉर्डला देऊन टाकलं. नवं शिकावं वगैरे ठीक, पण चौपन्न वर्षांच्या बोटांशी वाद घालायचा नसतो.

दिवस २१ ते २६

या सहा दिवसांसाठी हे सगळं लिहायला बसलेय.

आईला नव्या प्रोग्रॅममधला पहिला पूर्ण अभंग ऐकवला. फेडर आणि पॅनचे आकडे जुन्यातून जसेच्या तसे हातानं उतरवले होते. तिनं अर्ध्यावर हात वर केला. "तंबोरा मागे का गेला? शेजारच्या खोलीत लावल्यासारखा वाटतोय."

मला काही फरक ऐकू येत नव्हता. आधी वाटलं हेडफोन. मग वाटलं, वय. (तिचं नव्हे, माझं.) जुनं मिक्स लावलं, नवं लावलं, पुन्हा जुनं. दुसऱ्या रात्री मलाही वाटायला लागलं की काहीतरी आहे, पण वाटणं आणि असणं यात फरक असतो, म्हणून तपासणी केली. जुन्या प्रोग्रॅममध्ये रिव्हर्ब (घुमारा) बंद करून पुन्हा मिक्स काढला, तो रीपरमध्ये वेगळ्या ट्रॅकवर ठेवला आणि त्याचा फेज, म्हणजे ध्वनिलहरीचा चढ-उतार, उलटा केला. दोन्ही मिक्स तंतोतंत सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतील आणि शांतता उरेल.

प्ले केलं. आईचा आवाज नाहीसा. पूर्ण. तबल्याची पुसट टकटक उरली, पेटीचा श्वास उरला. आणि दोन कानांत दोन तंबोरे, स्वच्छ, एकटे, रात्री साडेअकराला.

अंगावर काटा आला, मग डोक्यात प्रकाश पडला. आवाज मधोमध आहे, तो गेला. पेटी थोडी डावीकडे, तबला थोडा उजवीकडे, ते थोडे उरले. तंबोरे अगदी टोकाला, एक डावा, एक उजवा, ते सगळ्यात जास्त उरले. म्हणजे भानगड पॅनमध्ये. जितकं मधून लांब तितका फरक.

याला पॅन लॉ म्हणतात. ट्रॅक मधून बाजूला सरकवला की त्याच्या पातळीचं काय करायचं, हा प्रत्येक प्रोग्रॅमनं आपापला ठरवलेला नियम. केकवॉकच्या मूळ सेटिंगमध्ये मधला आवाज आहे तसा राहतो आणि टोकाला नेलेला ३ डेसिबल वर चढतो. रीपरच्या मूळ सेटिंगमध्ये टोकाला नेलं तरी काहीच चढत नाही. तेच फेडर, तेच पॅन, पण तंबोरे ३ डेसिबल खाली. आईनं पहिल्या तीस सेकंदांत ऐकलं ते हेच.

उपाय प्रोजेक्ट सेटिंगमध्ये: पॅन लॉ वजा ३ डेसिबल, आणि त्याच्या शेजारची गेन भरून काढण्याची खूण चालू. ती खूण विसरलात तर मधला आवाज खाली जाईल, मग सगळं मिक्स दबल्यासारखं वाटेल. बदल करून पुन्हा तीच तपासणी केली. तंबोरे गेले. तबल्यापेटीची जी बारीक कुजबुज उरली ती मला ऐकू येत नाही, आणि आईनंही तक्रार केली नाही. हेही साच्यात टाकलं.

दिवस ३३

ताल. क्लिकच्या बाबतीत रीपर मोकळंढाकळं आहे. १६/४ टाका, ७/४ टाका, आणि कुठल्या मात्रेवर जोर हवा तो अक्षरांनी लिहून द्या. रूपकला मी पहिल्या मात्रेचा जोर काढून चौथी आणि सहावी ठेवली, कारण रूपकाची सम (पहिली मात्रा) खालीची, म्हणजे टाळी नसलेली, आणि टाळ्या चौथ्या-सहाव्या मात्रेला. सात मात्रांच्या तोंडाशी ठण्णकन घंटा वाजणारा रूपक ऐकून आमचे तबलजी काका आजवर दर वेळी कपाळावर हात मारायचे. या वेळी मारला नाही.

दिवस ४१

आईची पट्टी उतरलीय. २०१३ मध्ये ती काळी चारमध्ये गायची, आता पांढरी चार. तंबोऱ्याचं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग मात्र २०१३ चंच: मिरजेचाच तंबोरा, जवारी (तारेची झणक) नुकती काढून आणलेली, पाच मिनिटं सलग. तीन सेमिटोन खाली आणायचं होतं.

सूर बदलून लय राखण्याचा सरळ पर्याय वापरला तर तंबोरा सुरात आला, पण जवारीची झणक मेली. तारेला ओला रुमाल गुंडाळल्यासारखी. मग विचार केला, तंबोऱ्याची लय राखायची कशाला? जुन्या टेपसारखं हळू चालवलं तर? आयटमचा रेट ०.८४१ केला आणि सूर राखण्याची खूण काढून टाकली. बरोबर तीन सेमिटोन खाली. छेड जरा संथ झाली, पाच मिनिटांची जवळपास सहा झाली, खर्ज थोडा भारदस्त, आणि जवारी जिवंत! तंबोऱ्यापुरतं हे चालतं. आवाजाला किंवा तबल्याला करू नका, हसू येईल.

दिवस ४७

डिस्क बदलली, डी ड्राइव्हचा ई झाला. प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर ठेवलेल्या फाइली रीपरला सापडेनात. नोटपॅड, शोधा आणि बदला, दहा सेकंद. याच दिवसासाठी लग्न केलं होतं.

दिवस ५८

३८ पैकी ३१ झाले. सात उरलेत, सगळे पहिल्या दोन वर्षांतले. तेव्हा मी प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं ऑडिओ फोल्डर ठेवायचा पर्याय लावलाच नव्हता, त्यामुळे सगळ्या गाण्यांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये, नावं "ट्रॅक १", "ट्रॅक २" अशी. एकेक उघडून ऐकतेय. कच्च्या प्रतींमध्ये मिरज जंक्शनच्या गाड्यांचे भोंगे ठिकठिकाणी आहेत, आणि आई सांगते, "ही रात्रीची गाडी, म्हणजे हे जेवणानंतर गायलेलं." त्यावरून दोन गाण्यांचा पत्ता लागलाय.

लायसन्स काल घेतलं. रविवारी पांढरी चारमध्ये नवा अभंग आहे. आईनं विचारलं, "या वेळी ते बटण नीट दाबशील ना?"