आमची वाटचाल : अंशाखालचा छेद

रुग्णालयांचे गुणवत्ता निर्देशक मोजून देण्याचा आमचा व्यवसाय सांगलीत दोन टेबलांवर सुरू झाला, तेव्हा २००५ साली स्थापन झालेल्या एनएबीएच या रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन म्हणजे दर्शनी भिंतीवर लावायचे प्रमाणपत्र, असाच बहुतेक मालकांचा समज होता. आमचे खरे हत्यार म्हणजे हाताने आखलेली लांबट नोंदवही. आयसीयूतल्या सिस्टरने रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक खाटेजवळ जाऊन किती रुग्णांना लघवीची नळी (कॅथेटर) आहे ते मोजायचे आणि लाल शाईने मांडायचे. महिन्याची बेरीज म्हणजे कॅथेटर-दिवस. नळीमुळे झालेले संसर्ग ३ आणि कॅथेटर-दिवस ६०० असतील तर दर हजार कॅथेटर-दिवसांमागे ५, पण दिवस १५० असतील तर तोच दर २०. छेदाशिवाय, म्हणजे कॅथेटर-दिवसांशिवाय, नुसते 'तीन' सांगणाऱ्या अहवालाला मी अहवाल मानत नाही.

याच छेदापायी आम्ही जवळजवळ बुडालो. नोंदी नियमित झाल्या की पूर्वी निसटणारे संसर्ग पकडले जातात आणि दर चढतो. नेमक्या त्याच सुमारास एका प्रतिस्पर्धी कंपनीने दरमहा शून्य संसर्ग दाखवणारे रंगीत तक्ते निम्म्या पैशांत द्यायला सुरुवात केली. वर्षभरात अकरापैकी आठ रुग्णालये गेली. एका संचालकांनी तर 'तुम्ही आल्यापासूनच संसर्ग वाढले' असे भर बैठकीत सुनावले, ते मला आजही बोचते. पगार थकले, घर पतसंस्थेकडे गहाण पडले.

मिरजेतल्या एका छोट्या रुग्णालयाच्या मेट्रनबाई तेवढ्या ठाम राहिल्या. 'आकडा वाढला, म्हणजे माझ्या मुली खरे लिहायला लागल्या,' असे त्या डॉक्टरांना म्हणाल्या आणि रोजच्या सकाळच्या राउंडला 'ही नळी आज काढता येईल का?' हा प्रश्न त्यांनी सक्तीचा केला. नळ्या लवकर निघू लागल्या, संसर्ग कमी झाले. मात्र छेदही घटल्यामुळे दर फारसा हलला नाही. म्हणून दर आणि संसर्गांची संख्या नेहमी शेजारी-शेजारी ठेवून वाचा. आणि हा दर सिस्टरच्या पगारवाढीशी कधीही जोडू नका, कारण जोडलात की संसर्ग थांबत नाही, नोंद थांबते.

पुढची वर्षे सुरळीत गेली. सोडून गेलेल्यांपैकी दोन रुग्णालये परत आली, तेव्हा त्या कंपनीचे तीन वर्षांचे अहवाल त्यांनी आमच्या टेबलावर ठेवले. त्यांत कॅथेटर-दिवसांचा रकानाच नव्हता.