दोरीच्या मागे

सोमवार, रात्रीचा दीड

झोप नाही. काल घाटातून गाडी चालवून कंबर धरली आहे, डोळे चुरचुरतायत, आणि तरी नाही. मंजू मघाशीच घोरायला लागली. (हे ती वाचेल. वाचू दे.)

झालंय काहीच नाही. परवा संध्याकाळी गुहागरच्या पुळणीवर एक पोरगा मला म्हणाला, "काका, पुण्याचे ना? जरा दोरीच्या मागे राहा." एवढंच. उद्धट नव्हता. उलट फारच नीट बोलला. उद्धट असता तर बरं झालं असतं, चिडून मोकळा झालो असतो.

दोरी साधी नायलॉनची. हॅचरीच्या, म्हणजे कासवाची अंडी राखून ठेवतात त्या कुंपणाच्या, जाळीपासून पाण्याच्या दिशेनं दोन्ही बाजूंना बांबू रोवून लावलेली. मधल्या पट्ट्यातून कासवाची पिल्लं चालत जाणार, कडेला आम्ही. आम्ही म्हणजे ठाण्याचं एक कुटुंब, बायकांची एक सहल, दोन कॅमेरेवाले आणि मी. ज्या पुळणीवर मी चालायला शिकलो तिथे. हे अलंकारिक नाही. आई सांगायची, अंगणात हा भिंत धरून धरून चालायचा, हात म्हणून सोडायचा नाही. पुळणीवर नेलं आणि सुटला. पडलं तरी लागत नाही हे कळलं असावं.

मी पुण्याचा हे त्या पोराला कळलं कसं, हा प्रश्न आहे. काल अख्खा कुंभार्ली घाट मी त्याच्यावरच घालवला. मंजू म्हणाली, बूट. बरोबर आहे, माझ्या पायांत बूट होते. पुळणीवर बूट घालून जाणारा माणूस गावचा नसतो, हे मला पाचव्या वर्षी माहीत होतं. पण टाच दुखते, डॉक्टरांनी अनवाणी चालू नका सांगितलंय, हे त्या पोराला कुठे जाऊन सांगू? मग वाटलं, बूट नसतील, भाषा असेल. एकतीस वर्षांत हेल गेला असेल. आणि मग उंब्रजजवळ एकदम आठवलं, की त्याच्या शेजारी उभा राहूनच मी चिन्मयला फोनवर सांगत होतो, "अरे, आम्ही बीचवर आहोत."

बीचवर. पुळण नाही, समुद्रावर नाही. बीचवर!

मी दोरी उचलून आत गेलो असेन, असं वाटेल कुणाला. तसंही नाही. पाऊलभर पुढे होतो, फार तर दीड. टोपली उचलली तेव्हा सगळेच पुढे सरकले होते. त्यानं मलाच सांगितलं. बहुधा मीच सगळ्यांत मोठा दिसत असेन, एकाला सांगितलं की बाकीचे ऐकतात अशा हिशेबानं. हे पटण्यासारखं आहे. पटत नाही.

पिल्लं मात्र काय होती. टोपलीखाली आधी नुसती वाळू हलल्यासारखी झाली, चुलीवरची पेज रटरटायला लागते तशी. मग एक काळं डोकं. मग एकदम चाळीसेक. मुठीत दोन मावतील एवढी, अंगाला वाळू चिकटलेली. पाण्यापासून थोडी अलीकडेच सोडतात, तेवढं त्यांनी चालायचं असतं. एक मधेच उलटं फिरलं आणि ठाण्याच्या मुलीच्या चपलेकडे निघालं, तर सगळी गर्दी "ए, इकडे, इकडे" करून ओरडायला लागली, त्याला मराठी येत असल्यासारखी. मीही ओरडलो. पहिली लाट आली आणि चार परत मागे फेकली गेली. पुन्हा निघाली. मंजूच्या डोळ्यांत पाणी. मी पाण्याकडे बघतच नव्हतो, मी त्या पोराकडे बघत होतो. इतकं लांब जाऊन.

त्याला सांगायला हवं होतं का, की बाबा, तुझा जन्म व्हायच्या आधी मी या पुळणीवर कासव वर चढताना पाहिलंय? रात्री, कंदील घेऊन, सदूकाकांच्या मागे. मादी मागच्या पायांनी खड्डा काढते, हातभर खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, मडक्यासारखा. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळतं. मी तेव्हा रडकुंडीला आलो होतो, ती रडते म्हणून. ते अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर पडतं हे फार नंतर वाचलं. आणि खड्डा बुजवला की ती अंग डावी-उजवीकडे आपटून वाळू दाबते. लांबून आवाज येतो तो थेट लाकडी चोपण्यानं अंगणातलं खळं चोपल्याचा. दिवाळीच्या आधी घराघरांतून यायचा तसा. तो आवाज मी कुणाला करून दाखवू शकतो. पुण्यात कुणी विचारत नाही.

पण हे त्याला सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. सदूकाका कंदील घेऊन तिथे का जायचे ते.

शंभर-सव्वाशे अंडी असतात एका खड्ड्यात. पिंगपाँगच्या चेंडूसारखी, पण कवच कडक नाही, बोटानं दाबलं की खळी पडते. आई घरात आणू द्यायची नाही. मग मांगराच्या मागे तीन दगडांवर पातेलं. कितीही वेळ उकडा, पांढरं कधी घट्ट होत नाही, तसंच चिकट राहतं. पिवळं तेवढं होतं. मी खाल्लंय. दादानं खाल्लंय. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आम्ही पातेल्याभोवती बसलो होतो तेव्हाही ते तिथेच होतं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच, आणि सांगितलं असतं तर ऐकलं असतं असं काही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

एक-दोन अंडी नाही, किती ते आता आठवत नाही. जाऊ दे.

तर या मुद्द्यावर मी दोरीच्या मागेच बरा. खरं तर सुरूच्या बनाच्याही मागे.

आता मूळ गोष्ट. पोराचं बोलणं मी एकटं सोसलं असतं. पण तिथून घरी आलो तर वहिनीनं चहा आणला तो कपबशीतून. ती वरच्या फळीवरची, सोनेरी काठाची. दादा पडवीत बसून स्टीलच्या पेल्यातून पीत होता, आणि मला बशीसकट कप. त्या कपबशा कुणासाठी काढतात ते मला माहीत आहे. मामलेदार आले होते तेव्हा काढल्या होत्या. माझ्या लग्नात मंजूच्या माहेरच्यांना काढल्या होत्या. मी म्हटलं, वहिनी, पेल्यातून दे की. तर म्हणाली, "असू दे हो, तुम्ही कधी नाही ते येता."

कधी नाही ते. गणपतीत येतोच. गेल्या गणपतीत नाही आलो, त्याच्या आधी… असो.

दादाला कासवांचं कौतुक नाही. तो म्हणाला, "तुमच्या कासवांना जाळी, टोपली, दोरी, राखायला माणसं. आमच्या नारळाला कोण आहे?" माकडं कोवळी शहाळी तोडून अर्धी पिऊन खाली टाकतात. केळीचा लोंगर घरात आणेपर्यंत आपला नाही. दादानं भाजी लावणं सोडून दिलंय, सकाळ-संध्याकाळ फक्त फटाके वाजवत आगरात फिरतो, आणि माकडं आता फटाक्यांच्या आवाजाला मान वळवून बघतातसुद्धा नाहीत. हे सगळं खरं आहे, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. पण मी अडकलो ते वेगळ्याच शब्दावर. तुमच्या कासवांना. आमच्या नारळाला. आगरात माझाही… नको. तो विषय नको.

कासव जन्मल्या किनाऱ्यावर परत येतं, असं तिथल्या माहितीच्या फलकावर लिहिलं होतं. बायकांच्या सहलीतली एक जण मोठ्यानं वाचून "अगं बाई" म्हणाली, आणि मंजूनं हळूच माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला नको होतं. अशा गोष्टींतून अर्थ काढत बसायची सवय मला नाही. पण आता रात्रीचे पावणेदोन झालेत, तर एक सांगतो. परत येतात त्या माद्या. अंडी घालायला. नर एकदा पिल्लू असताना पाण्यात शिरला की पुन्हा बहुधा कधी जमिनीवर पाऊल ठेवत नाही. बाहेरच्या बाहेर आयुष्य जातं त्याचं. म्हणजे निसर्गनियमानं मी आलो हेच विशेष आहे.

हे मंजूला उठवून सांगावंसं वाटतंय. उठवत नाही.

मंगळवार, संध्याकाळ

काल लिहिलेलं वाचलं. एवढा रडवेपणा बरा नाही. एका पोरानं दोरीच्या मागे राहा म्हटलं तर तीन पानं.

सकाळी गॅलरीत उभा होतो. समोरच्या टाकीवर घार बसते ती आज नव्हती. खाली बघता बघता गव्याची आठवण झाली. डिसेंबर २०२०. कोथरूडमध्ये शिरला होता तो. सकाळी महात्मा सोसायटीत दिसला आणि दुपारपर्यंत संपला. एवढं धूड जनावर, आणि मागे दोनदोनशे माणसं, पुढे कुत्री, गच्च्यांवर मोबाइल. पळून पळून त्याला धाप लागली होती, तोंडाला लाळ होती. मीही खाली उतरलो होतो. काही करायला नाही, बघायला. कोपऱ्यावर उभा होतो, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून हात वर करून फोन धरला होता. एवढंच केलं मी. ती क्लिप कुणाला पाठवली नाही, पुसलीही नाही, दोन फोन बदलले तरी ती येतेच आहे बरोबर.

त्या दिवशी तिथे कुणी पोरगा असता, नायलॉनची दोरी घेऊन, "काका, मागे राहा" म्हणणारा. असो. नव्हता.

आणि ओडिशाची ती कासवाची मादी. मागे वर्तमानपत्रात आलं होतं, मी कात्रण कापून ठेवलंय. २०२१ साली गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर तिच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा बिल्ला लावला होता, ०३२३३. ती २०२५ च्या जानेवारीत गुहागरला चढली आणि अंडी घालून गेली. पुरा भारत वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटर. तोवर जाणकार साधारण धरून चालले होते, की त्या किनाऱ्याची कासवं वेगळी आणि ह्या किनाऱ्याची वेगळी. आपल्याकडून २०२३ मध्ये उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादीही श्रीलंकेवरून वळून बंगालच्या उपसागरात गेली होती. तर जन्मल्या किनाऱ्याचं ते फलकावरचं वाक्य खोटं नसेल, पण सगळ्यांनी ते वाचलंय असंही नाही. ०३२३३ ला कुणी "ओडिशाचे ना?" विचारलं असेल का? विचारायची गरजच काय म्हणा. बिल्ल्यावर होतंच. माझे बूट होते.

दुपारी वहिनीचा फोन आला, आंब्याच्या पेट्या कधी पाठवायच्या म्हणून. यंदा कमी आहे म्हणाली, मोहोर जळला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तो दोरीपाशी असतो तो मुलगा कुणाचा? गावातल्या कुठल्या वाडीतला, बागेतल्यांपैकी का वरच्या पाटातला?

"तो होय!" वहिनी हसायलाच लागली. "तो तुमच्याकडचाच हो. वारज्याचा. कॉलेजचा काहीतरी प्रोजेक्ट आहे त्याचा. दोन महिने झाले, जेवायला आपल्याकडेच असतो. तुम्ही आलात त्या दिवशी दापोलीच्या मुलांबरोबर वेळासला जायचं होतं त्याला, थांबला गर्दी होईल म्हणून."

वारज्याचा. म्हणजे माझ्या गॅलरीतून दिसणाऱ्या टेकडीच्या पलीकडचा. मला पुण्याचा म्हणून ओळखणारा माणूस गुहागरात एकच होता आणि तो पुण्याचा होता! मी फोन धरून बराच वेळ काही बोललोच नाही. मंजूला सांगितलं तर ती भाजी चिरायची थांबून इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. "म्हणजे त्यानं आपल्या माणसाला हाक मारली हो," म्हणाली.

वहिनी पुढे सांगत होती. पहाटे साडेचारला उठतो, पुळणीवर एक फेरी मारतो, नवीन खड्डा दिसला की कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरायच्या आत अंडी हॅचरीत आणतात सगळे मिळून. दादाबरोबर फटाके वाजवत आगरातही फिरतो. दादानं त्याला गलोल करून दिली आहे, पण नेम नाही. पायांत काही घालत नाही, टाचा ह्या एवढ्या फुटल्यात, मी कोकमाचं तेल दिलं. गुणी आहे हो. आपला पेला आपण विसळून पालथा घालतो.

पेला म्हणाली. मी नीट ऐकलं.

आंब्याच्या दोन पेट्या सांगितल्या, पाठवू नका म्हटलं, मी येऊन घेऊन जातो.